पौषात तरी थांब

मुलुंड, मुंबई
डिसेंबर अखेर

प्रिय पक्या,

फोन केला असता तर ‘मजेत रे, तू बोल’ म्हणून तू दोन मिनिटांत गुंडाळला असतास. म्हणून कागद घेतला. परवा वहिनींशी बोलणं झालं. बीपी वाढलंय, गोळी सुरू झालीय, आणि त्याच आठवड्यात साहेब जानेवारीतल्या मॅरेथॉनसाठी पहाटे पाचला उठून पळायला लागलेत. रात्री ऑफिसचे कॉल संपतात साडेअकराला. म्हणजे झोप किती, हा हिशोब तूच कर, तू अकाउंट्सवाला. आणि पळू का, हे डॉक्टरांना विचारलंयस का? वहिनी म्हणाल्या, नाही. आधी ते विचार. बाकीचं पत्र नंतर वाचलंस तरी चालेल.

‘थंडीत हुरूप येतो रे’ हे तुझं उत्तर मला माहीत आहे. हुरूप येतो, कबूल. पण आपल्या मुंबईला थंडी असते ती कितीशी? बाबा अजून २२ जानेवारी १९६२ची गोष्ट सांगतात. त्या दिवशी सांताक्रूझला ७.४ अंश तापमान होतं, आणि गिरगावात चाळीतल्या लोकांनी म्हणे गोधड्या पांघरूनच दूध आणलं. आता पारा पंधरा-सोळावर आला की लोक कानटोप्या काढतात आणि व्हॉट्सॲपवर मुंबईचं महाबळेश्वर होतं. दुपारी बारा वाजता मात्र तीच मुंबई तीस-बत्तीस अंशांवर घाम काढते. म्हणजे आपल्याकडे थंडी फक्त रात्री असते. तिचा उपयोग करायचा तर रात्रीच करायला हवा, आणि तू नेमकी रात्रच कापून टाकलीस.

झोप लागताना शरीराचं आतलं तापमान थोडं उतरावं लागतं. मे महिन्यात ते उतरतच नाही, म्हणून आपण कूस बदलत राहतो, नाहीतर एसीचं बिल भरतो. या दिवसांत खिडकी थोडी उघडी ठेवली, पंखा एकवर केला, पायांवर सुती चादर घेतली की काम झालं. वर्षभर दमट हवेत तळमळणाऱ्या माणसाला हे काही आठवडे फुकट मिळतात. सूर्यसुद्धा सोबत करतोय बघ. जानेवारीच्या मध्याला मुंबईत तो सव्वासातच्या आसपास उगवतो. तो उठायच्या दोन तास आधी तू वेस्टर्न एक्स्प्रेसच्या सर्व्हिस रोडवर कशाला?

आणि त्या पहाटेच्या ‘ताज्या’ हवेबद्दल तर बोलायलाच नको. आमच्या गच्चीवरून साडेसातला पूर्वेला पाहिलं की ऐरोलीच्या बाजूला खाडीवर राखाडी पट्टा दिसतो. सोसायटीतले काका त्याला धुकं म्हणतात आणि त्याच पट्ट्यात प्राणायाम करतात. रात्री जमिनीजवळची हवा थंड होते, तिच्यावर उबदार हवेचं झाकण बसतं आणि गाड्यांचा धूर, बांधकामांची धूळ खालीच अडकते. थंडीत समुद्रावरचा वारा उशिरा सुरू होतो, त्यामुळे हे झाकण उन्हं चढेपर्यंत हलत नाही. तुझा तो सकाळचा खोकला ‘सीझनचा’ नाही, एवढंच सांगतो. चालायचंच असेल तर सुट्टीच्या दिवशी दुपारी चारला चाल. नॅशनल पार्क तुझ्या दाराशी आहे. लोक बोरिवलीत त्यासाठी घरं घेतात.

आता शनिवार-रविवार. मार्गशीर्षात लग्नं, साखरपुडे, एकतीस डिसेंबरचं अलिबाग, मग हुरडा पार्टी, मग दहावीच्या बॅचचं गेट-टुगेदर. (ते मीच ठरवतोय. तरीही सांगतो, तू नाही आलास तर मला वाईट वाटणार नाही.) ‘हवा चांगली आहे’ म्हणून सगळे सगळं याच दोन महिन्यांत कोंबतात. आजी पौषाला भाकड महिना म्हणायची. लग्न नाही, मुंज नाही, नव्या कामाला हात नाही. लहानपणी मला ती अंधश्रद्धा वाटायची. आता वाटतं, मुहूर्त नाही म्हणायला काय जातं? बोलावणाऱ्याला राग येत नाही आणि आपल्याला घरी बसता येतं. तू या पौषात शनिवार मोकळे ठेव. कारण विचारलं तर सांग, आजी नको म्हणते. आजीला जाऊन वीस वर्षं झाली, पण ती रागावणार नाही.

खाण्याचं वहिनींना सांगायची गरज नाही, तुला आहे. आयुर्वेदाच्या वाग्भटाने ऋतुचर्येत लिहिलंय की हेमंतात रात्री मोठ्या असतात म्हणून सकाळीच भूक लागते. आणि तू काय करतोस? ती भूक चहा-बिस्किटाने मारून लोकल पकडतोस आणि दुपारी तीनला वडापाव. सकाळी गरम भाकरी खा, बाजरीची, तीळ लावलेली, वर लोणी. सोबत हिरव्या लसणीची चटणी, पण मीठ बेताचं, बीपी विसरू नकोस. पापड-लोणच्याला तर महिनाभर रजाच दे. दादरच्या मार्केटात आत्ता पावटे, हरभऱ्याचे घाटे, गाजरं, बोरं सगळं आलंय. वहिनींना म्हणावं, भोगीच्या भाजीसाठी भोगीची वाट बघू नका. हळिवाचे लाडू आईने केलेत, डबा पाठवतोय. एका दिवशी एकच. बाळंतिणीचे म्हणून हसू नकोस, मागच्या खेपेला अर्धा डबा तूच संपवला होतास.

पाणी पीत जा. थंडीत तहान लागत नाही म्हणून माणसं संध्याकाळपर्यंत बाटली उघडत नाहीत, मग डोकं दुखतं आणि वर कॉफी. टाचांना कोकमाचं तेल लाव. माझ्याकडे मालवणहून आणलेला गोळा आहे, तोही डब्यासोबत येईल. जरा गरम करून रात्री चोळायचं आणि जुने मोजे घालायचे. रविवारी अंघोळीआधी तिळाचं तेलही लावून घे. घाई करू नकोस, तेल लावताना फोन हातात धरताच येत नाही, हा त्यातला मोठा गुण.

दुपारची झोप मात्र मर्यादेत. मटण चापून तीन तास घोरलास तर रात्री एकपर्यंत छत बघत बसशील आणि मला मेसेज करशील.

कॉलचं काय करायचं ते मला नीटसं सांगता येणार नाही, तुझी नोकरी तुला ठाऊक. पण एकदा साहेबाला विचारून तर बघ, आठवड्यातले दोन दिवस साडेनऊनंतर मी नाही, चालेल का? तुमच्या टीमच्या त्या मुलीने असंच मागून घेतलं, तूच सांगितलं होतंस. ती मागते ते रास्त आणि तू मागितलंस की कामचुकारपणा, हे कुठलं गणित?

मॅरेथॉन पुढल्या जानेवारीतही असणार आहे. डॉक्टर हो म्हणाले तर पावसाळा संपल्यावर सावकाश सुरू कर, मीही येईन, अर्थात चालत.

तोवर संक्रांतीनंतरच्या रविवारी इकडे ये. दुपारी साडेतीनला भांडुप पंपिंगच्या बाजूने खाडीवर जाऊ, रोहित पक्षी, म्हणजे आपले फ्लेमिंगो, येऊ लागलेत. माझी दुर्बीण आहे, वहिनींसाठी शेजाऱ्यांची मागून घेईन. येताना बोरिवलीच्या त्या फरसाणवाल्याकडून उंधियू आण. पाव किलो पुरे, आईला तिखट चालत नाही.

वहिनींना नमस्कार, पिल्लूला गोड पापा.

तुझा,
नंद्या

ता. क. लाडवांचा डबा स्टीलचा आहे, आईचा. परत आणशील तरच पुढचे मिळतील.