निवती रॉकलाही जंगलाचे नियम लावा

मा. संपादक,

नौदलातून २०२४ मध्ये निवृत्त झालेली ‘आयएनएस गुलदार’ ही नौका सिंधुदुर्गातील निवतीजवळ समुद्रात बुडवून तेथे कृत्रिम प्रवाळभित्ती आणि पाण्याखालचे संग्रहालय उभारण्याची योजना राज्य सरकारने हाती घेतली आहे. तिच्याविषयीच्या बातम्यांत पाणबुडीच्या सफरीचे वर्णन पुष्कळ असते. ज्या निर्मनुष्य बेटांच्या शेजारी हे सारे घडायचे, त्यांचा उल्लेख मात्र जेमतेम एखाद्या ओळीचा.

निवती रॉक किंवा वेंगुर्ला रॉक्स या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या खडकाळ बेटांवर दीपगृह आहे, वस्ती नाही. तेथील अंधाऱ्या गुहांत भारतीय पाकोळ्यांची जुनी वसाहत असून, आवाजाच्या प्रतिध्वनीवरून अंधारात वाट काढणारा हा पक्षी स्वतःच्या लाळेने कपारीला घरटे चिकटवतो. परदेशात सूपसाठी विकल्या जाणाऱ्या या घरट्यांच्या तस्करीने ही वसाहत पूर्वी एकदा संकटात आलेली आहे. उघड्या कातळावर सुरय पक्षीही वीण करतात. पाकोळ्यांची वीण उन्हाळ्यातली, आणि मे महिन्याच्या सुटीत विदर्भातून तारकर्ली-मालवणला जाणाऱ्यांची गर्दीही (त्यात आम्ही नागपूरकर आलोच) त्याच दिवसांतली.

ताडोबात किंवा पेंचमध्ये किती गाड्या आत सोडायच्या हे ठरलेले असते आणि पावसाळ्यात गाभा क्षेत्र पर्यटनासाठी बंद राहते. याबद्दल आपण कुरकुर केली तरी नियम पाळतो. मग विणीच्या काळात बेटावर उतरण्यास बंदी, बोटींच्या संख्येवर मर्यादा आणि प्रवाळावर नांगर टाकण्यास मनाई, एवढे तरी समुद्रात का नको? लोखंडी सांगाड्यावर प्रवाळ रुजेल तेव्हा रुजेल, नैसर्गिक खडक तर आजच जिवंत आहे. मात्र हे नियम रापणकर (किनाऱ्यावरून मोठे जाळे ओढून मासेमारी करणारे) आणि छोट्या मच्छीमारांना बरोबर घेऊनच व्हावेत. मालवणचे सागरी अभयारण्य १९८७ मध्ये घोषित झाले, पण मच्छीमारांचा विरोध नंतरही टिकून राहिला आणि त्याचा फटका संरक्षणालाच बसला.

राज्याच्या वन विभागाचे मुख्यालय नागपुरात आहे, त्यामुळे हा प्रश्न केवळ कोकणाचा मानण्याचे कारण नाही. पर्यटकांची रीघ लागण्यापूर्वी निवती रॉकसाठीची नियमावली जाहीर होणार का, हे विदर्भातील आमदारांनी हिवाळी अधिवेशनात सरकारला विचारावे आणि आपल्या दैनिकानेही त्याचा पाठपुरावा करावा.

आपला,
एक वाचक, नागपूर