बीजगणिताच्या बाईंना जाहीर आभारपत्र

आदरणीय बाई,
सा. न. वि. वि.

शाळा सुटून बावीस वर्षे झाल्यावर मी १७ नंबरचा फॉर्म भरून दहावीला बसले, आणि ते वर्षभर दर रविवारी तुम्ही मला तुमच्या ओट्यावर बसवून बीजगणित शिकवलेत. त्याबद्दल चार लोकांसमोर आभार मानावेत, म्हणून हे पत्र.

मांडलेले समीकरण सोडवणे मला जमत असे. शाब्दिक उदाहरण आले की मात्र मी त्यातले आकडे तेवढे उचलायची आणि बेरीज करावी की वजाबाकी, याचा अंदाज बांधत बसायची. क्ष म्हणजे नेमके काय, हे पूर्ण वाक्यात लिहिल्याशिवाय तुम्ही पुढची ओळ लिहू दिली नाहीत. मी 'क्ष = डबे' असे लिहिले, ते खोडून तुम्ही 'पूर्ण डब्यांची संख्या क्ष मानू' असे लिहायला लावलेत. उदाहरण माझ्याच धंद्यातले घेतले होतेत: पूर्ण डबा ८० रुपये, अर्धा ५०, एकूण डबे ३० आणि जमा २,०१० रुपये. क्ष + य = ३० आणि ८०क्ष + ५०य = २०१०; पहिल्याला ५० ने गुणून दुसऱ्यातून वजा केल्यावर ३०क्ष = ५१० उरले, म्हणजे १७ पूर्ण आणि १३ अर्धे. ताळा मात्र समीकरणात न करता डब्यांच्या हिशेबात करायला सांगितलात, १,३६० आणि ६५०, कारण समीकरणच चुकीचे मांडले असेल तर त्यात उत्तर घालून ती चूक सापडत नाही.

वर्गसमीकरणाला तुम्ही भास्कराचार्यांच्या 'बीजगणित' ग्रंथातले माकडांचे उदाहरण दिलेत. कळपाच्या पाचव्या भागातून ३ वजा करून येणाऱ्या संख्येच्या वर्गाइतकी माकडे गुहेत गेली, एक फांदीवर दिसत राहिले. उत्तरे ५० आणि ५, समीकरणाला दोन्ही चालतात. पण ५ चा पाचवा भाग १, त्यातून ३ माकडे वजा कशी करणार, म्हणून भास्कराचार्यांनी ते उत्तर स्वीकारले नाही. ऋण उत्तर खोडायचे, एवढाच नियम तोवर मला पाठ होता.

तुम्ही फी घेतली नाहीत, डबाही घेतला नाहीत. बीजगणितात ४० पैकी ३१ मिळाले, हे मी फोनवर कळवले होते. त्या पेपरात मी शाब्दिक उदाहरण सर्वांत आधी सोडवायला घेतले, हे सांगायचे राहून गेले होते.

आपली कृतज्ञ विद्यार्थिनी