डावी लेन ट्रकची, पण ती मोकळी हवी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर प्रत्येक बाजूला तीन लेन आहेत. अवजड वाहनांनी डावी लेन धरावी, ओव्हरटेकपुरते मधल्या लेनमध्ये यावे आणि दुभाजकालगतच्या उजव्या लेनमध्ये जाऊच नये, हा नियम योग्य आहे आणि तो कडकपणे पाळला गेला पाहिजे.

स्पीड गव्हर्नरमुळे ट्रकचा वेग ताशी 80 किलोमीटरला अडतो. 78 च्या वेगाने चाललेल्या ट्रकला 80 च्या ट्रकने ओलांडायचे, तर दोन्ही गाड्यांची लांबी आणि पुढे-मागे सुरक्षित अंतर मिळून साधारण 64 मीटरची आघाडी घ्यावी लागते. त्याला जवळजवळ दोन मिनिटे लागतात आणि तेवढ्यात अडीच किलोमीटर रस्ता मागे पडतो. तोवर मधली लेन अडलेली असते आणि मागच्या सगळ्या मोटारी उजवीकडे घुसतात. वेगात ताशी 10 किलोमीटरचा फरक असेल, तर हेच काम अर्ध्या किलोमीटरमध्ये उरकते. पुढची गाडी आपल्यापेक्षा निदान 10 ने हळू नसेल, तर चालकाने तिच्या मागेच राहावे.

घाटात तर ओव्हरटेक करूच नये. खोपोलीहून वर चढताना भरलेला ट्रेलर खालच्या गिअरमध्ये ताशी 15-20 ने चालतो. असे दोन ट्रेलर शेजारी आले आणि पुढे काही अडले, की मधल्या लेनमधल्या गाडीला चढावर थांबावे लागते. 40 टनांचे वजन चढावर पुन्हा उचलताना क्लच प्लेट जळते आणि गाडी तिथेच बसते. डाव्या लेनमध्ये बंद पडलेली गाडी निदान कडेला घेता येते. मधल्या लेनमधली हलवायला क्रेनच लागते आणि क्रेनही त्याच कोंडीतून वाट काढत येते.

उतारावर धोका वेगळा. डिझेल वाचवायला काही जण गाडी न्यूट्रल करतात. मग इंजिनाचा रोध जातो, एक्झॉस्ट ब्रेकचा (इंजिनाचा धूर अडवून वेग कमी करणाऱ्या ब्रेकचा) उपयोग उरत नाही, सगळा भार चाकांच्या ब्रेक लायनरवर (ड्रमवर घासणाऱ्या पट्ट्यांवर) येतो आणि ड्रम तापले की पाय दाबूनही गाडी धरत नाही. ज्या गिअरमध्ये घाट चढला असता त्याच गिअरमध्ये उतरावे, तेही डाव्या लेनने.

पण सगळा दोष चालकांवर ढकलणे अन्याय आहे. चौपदरी महामार्गांवर ट्रक दुभाजकाला चिकटून का चालतात? डावीकडे ढाब्यासमोर उभ्या गाड्या, उलट दिशेने येणाऱ्या दुचाकी, ट्रॅक्टर-ट्रॉल्या, भरल्या गाड्यांनी दबून चाकोऱ्या पडलेले डांबर. रात्री दिवे आणि रिफ्लेक्टर नसलेला उभा ट्रक दिसेपर्यंत ब्रेक लावायला अंतरच उरत नाही. म्हणून चालक उजवी धरतो आणि मोटारी डावीकडून पुढे काढतात. आपल्या ट्रकचा चालक उजवीकडे बसतो. डाव्या दाराला लागून चाललेली मोटार त्याला आरशातही नीट दिसत नाही; त्याच क्षणी तो डावीकडे वळला, तर मोटार थेट चाकाखाली.

लेन मोडल्याबद्दल मोटार वाहन कायद्याच्या कलम 177 अ नुसार 500 ते 1000 रुपये दंड आहे आणि द्रुतगती मार्गावर आता कॅमेरेही आहेत. तो दंड जरूर घ्यावा. मात्र डाव्या लेनमध्ये उभ्या असलेल्या गाडीला वळसा घालून परत डावीकडे येणाऱ्या ट्रकला दंडाची पावती जाऊ नये, याची पडताळणी व्हायला हवी. गस्ती पथकाने रात्री डावी लेन आधी रिकामी करावी, दुरुस्तीत डाव्या लेनच्या चाकोऱ्या प्रथम भराव्यात आणि घाट सुरू होण्याआधी ट्रकना ब्रेक व हवेचा दाब तपासण्यासाठी, ड्रम थंड होण्यासाठी पुरेशी जागा द्यावी.

आपला,
मालवाहतूक व्यवसायातील एक वाचक, कळंबोली