‘कोणे एके काळी’ हा एक शब्द की तीन?

संपादक महोदय,

आमच्या वाड्यावरचा एक मुलगा दुसरीत आहे. त्याला जन्मापासून दिसत नाही. त्याला ब्रेल, म्हणजे बोटांनी वाचायची उठावदार टिंबांची लिपी, कुठे शिकवतील, हे विचारायला त्याची आई एका कार्यालयात गेली. तिथे तिला सांगितले, “आता मोबाईल सगळे वाचून दाखवतो, ब्रेल कशाला?” हे ऐकल्यापासून मला चैन नाही.

मी तीस वर्षे मराठी शाळेत शिकवले. काचबिंदूने नजर अंधूक झाली तेव्हा बावन्नाव्या वर्षी ब्रेल शिकले. मोबाईल मीही वापरते, तुमचे वर्तमानपत्र त्यावरच ऐकते. पण ‘दिन’ आणि ‘दीन’ कानाला सारखेच लागतात. ब्रेलमध्ये ‘द’नंतर सहा टिंबांपैकी दुसरे-चौथे टिंब लागले की ऱ्हस्व, तिसरे-पाचवे लागले की दीर्घ. बोटाला शंका उरत नाही. या मुलाला ढीगभर गोष्टी पाठ आहेत. परवा त्याने विचारले, “बाई, ‘कोणे एके काळी’ हा एक शब्द की तीन?” शब्दांमधली मोकळी जागा ज्याने कधी पाहिली नाही, चाचपली नाही, त्याला ते कळणार कसे?

लुई ब्रेलने सहा टिंबांची ही लिपी १८२४ मध्ये बसवली, तेव्हा तो स्वतः पंधरा वर्षांचा होता. आपल्याकडे १९५१ पासून भारती ब्रेल, म्हणजे भारतीय भाषांसाठीची सामाईक ब्रेल, आहे. मराठीतला ‘क’ आणि बंगालीतला ‘क’ एकाच टिंबांचा. पाटी, टोचणी आणि जाड कागद एवढ्यावर शिकता येते. उजवीकडून डावीकडे उलटे टोचायचे आणि कागद पालटून सुलटे वाचायचे. मला त्याला महिने लागले, मुलांच्या बोटांत ते लवकर बसते.

माझ्या डोळ्यांच्या थेंबांच्या दोन बाटल्या अगदी सारख्या आहेत. एकीवर ‘स’ टोचलेली पट्टी, दुसरीवर ‘र’. सकाळची कोणती, रात्रीची कोणती, हे कुणाला विचारावे लागत नाही. चवथीला वीज गेली तेव्हा आरत्यांची वही एकट्या माझीच चालू होती.

पणजीला पाटोवर कृष्णदास शामा ग्रंथालयात ब्रेल विभाग आहे. पण डिचोलीहून दर आठवड्याला मुलाला तिथे न्यायचे, तर आईचा दिवसाचा रोजगार बुडतो. तालुक्यातल्या ग्रंथालयांत आठवड्यातून एक दिवस मराठी ब्रेलचा वर्ग सुरू करावा, ही माझी विनंती आहे. शिकवायला मी येईन, मानधन नको. तोवर मुलगा रविवारी माझ्याकडे येतो. आम्ही ‘प’पर्यंत पोचलो आहोत.

— एक निवृत्त शिक्षिका, डिचोली