त्या पोराच्या प्रश्नाचं उत्तर

ह्यूस्टन, २० जून

प्रिय दत्त्या,

तुझ्या पत्राला उत्तर द्यायला दीड महिना लावला, शिव्या घालून झाल्या असतील. पण प्रश्नच तसा होता. जोतिबांच्या जयंतीला तू वर्गात सांगितलंस की त्यांनी ‘गुलामगिरी’ अमेरिकेतल्या गुलामी मोडणाऱ्या लोकांना अर्पण केलं, आणि आठवीतल्या त्या पोराने हात वर करून विचारलं, "सर, सोडवणाऱ्यांचं कळलं. सुटलेल्यांनी पुढं काय केलं?" तू ते माझ्या गळ्यात घालून मोकळा झालास.

काल एकोणीस जून होता, इथल्या भाषेत जूनटीन्थ. १८६५ साली याच दिवशी जवळच्या गॅल्व्हेस्टन बंदरात जनरल ग्रेंजरने गुलाम मुक्त झाल्याचा हुकूम काढला. लिंकनचा गुलाममुक्तीचा जाहीरनामा लागू होऊन तेव्हा अडीच वर्षं होत आली होती! बातमीपेक्षा बातमी दाबणारे जास्त, दुसरं काय. काल मी थर्ड वॉर्डातल्या इमॅन्सिपेशन पार्कात जाऊन बसलो. पोरं पाण्यात डुंबत होती, कोळशावर मांस भाजल्याचा वास सुटला होता. ही दहा एकर जागा १८७२ साली या सुटलेल्या लोकांनी वर्गणी काढून विकत घेतली. किंमत कुणी आठशे डॉलर सांगतं, कुणी हजार. सण साजरा करायला कुणाची परवानगी मागावी लागू नये, एवढ्यासाठी. सात वर्षांपूर्वी त्यांची स्वतःचीच बोली लागत होती, आता ते जमिनीचा भाव करत होते. आणि ‘गुलामगिरी’ पुण्यात छापून आलं ते पुढच्याच वर्षी. जोतिबांच्या कानावर ही बाग गेली नसणार.

पुढाकार घेणाऱ्यांत एक होता जॅक येट्स. पोराला हाच माणूस सांग.

जन्म १८२८चा, म्हणजे जोतिबांहून एका वर्षाने धाकटा. व्हर्जिनियात गुलाम म्हणून वाढला. गुलामाला अक्षर शिकवायची बंदी, तरी मालकाच्या मुलाकडून वाचायला शिकला. बायको हॅरिएट, पण ती दुसऱ्या मालकाची. यादवी युद्धात तिचा मालक आपली गुलाम माणसं घेऊन टेक्ससमध्ये मॅटागोर्डाकडे निघाला. येट्स तोवर मोकळा झाला होता. त्याने काय करावं? बायकापोरांबरोबर जाता यावं म्हणून पुन्हा गुलामी पत्करली! हे वाचून मी पुस्तक मिटून ठेवलं आणि बराच वेळ नुसता बसून राहिलो. वहिनींनी यंदाही वडाला दोरा गुंडाळला असेल, त्यांना म्हणावं, इथे एक सत्यवानच सावित्रीच्या मागे चालत गेला होता.

सुटका झाल्यावर कुटुंब ह्यूस्टनला आलं. दिवसा हा मालाची गाडी हाकायचा आणि संध्याकाळी उपदेश करायचा. १८६६ साली अँटिओक बाप्टिस्ट मंडळी उभी राहिली (बाप्टिस्ट हा ख्रिस्ती पंथ, मंडळी म्हणजे एका चर्चची माणसं) आणि १८६८ साली हा तिचा पहिला पाळक, म्हणजे धर्मगुरू झाला. बाप्टिस्टांचं एक मला फार आवडलं. वर बिशप नाही, प्रत्येक मंडळी आपली आपण मुखत्यार, पाळकही तिनेच निवडायचा. कालपर्यंत ज्यांना कुणी काही विचारत नव्हतं, ते आता हात वर करून मत देत होते. १८७५ साली विटांचं देऊळ बांधायला घेतलं, १८७९ला पुरं झालं. (देऊळच लिहिलंय, चर्च म्हटलं की तुझ्या पोरांना गोव्याचं पांढरं चर्च दिसेल.) आज ते काचेच्या उंच इमारतींच्या घोळक्यात अंग चोरून उभं आहे. माझं ऑफिस तिथून दहा मिनिटांवर. चार वर्षं मी शेजारून जात होतो आणि लक्ष सगळं पार्किंगकडे!

उपदेशात स्वर्ग असेलच, पण हा जमिनीचंही बोलायचा. घर घ्या, जागा नावावर करा, लिहायला शिका. १८७०मध्ये स्वतःचं दुमजली घर बांधून दाखवलं. जेनी पेक नावाच्या गोऱ्या मिशनरी बाईंच्या मदतीने १८८५मध्ये ह्यूस्टन अकॅडमी काढली. १८९१ साली अँटिओक सोडून बेथेल ही दुसरी मंडळी उभी केली. साठी उलटलेली, आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. १८९७च्या डिसेंबरात गेला.

१९२६ला त्याच्या नावाने हायस्कूल निघालं. २०२०मध्ये पोलिसाच्या गुडघ्याखाली जीव गेलेला जॉर्ज फ्लॉइड तिथलाच विद्यार्थी, १९९३चा. येट्सचं घर १९९४मध्ये उचलून सॅम ह्यूस्टन पार्कात ठेवलंय, जिना चढून बघता येतं. बेथेलला २००५मध्ये आग लागली. छत गेलं, भिंती उरल्या, त्या तशाच राखून मध्ये बाग केली आहे. मला शाळेच्या पाटीपेक्षा ही बिनछपराची जागा जास्त आवडते, का ते नीट सांगता येत नाही.

आणि इमॅन्सिपेशन पार्कचं एक राहिलंच. १९२२ ते १९४० या काळात काळ्या माणसाला या शहरात पाय ठेवता येईल अशी सार्वजनिक बाग ही एवढीच होती. तीही त्यांनीच घेऊन ठेवलेली.

पोराने आणखी काही विचारलं तर लगेच कळव, या वेळी दीड महिना लावणार नाही. वहिनींना नमस्कार, अण्णांच्या गुडघ्याचं काय झालं ते लिही.

तुझा,
बाळ्या