दिग्या, याला पित्त म्हणू नकोस

प्रिय दिगंबर,

दिवाळीनंतर तुला ना पत्र, ना फोन. रागवायचं ते भेटल्यावर पोटभर रागाव. इकडे सगळे बरे, आईचे गुडघे होते तसेच.

काल रात्री वहिनींचा फोन आला. तुझं हिमोग्लोबिन 9.2, वजन सहा महिन्यांत 6 किलो उतरलंय, कधी तीन-तीन दिवस पोट साफ नाही तर कधी दिवसातून चारदा जावं लागतं. आणि तू लोहाच्या गोळ्या नि रोजचं चूर्ण घेऊन 'पित्त झालंय, गॅस धरलाय' म्हणत बसलायस. वहिनींवर चिडू नकोस. त्यांनी सांगितलं नसतं तर मी त्यांच्याशी बोललो नसतो.

बापूंच्या वेळी आपण दवाखान्याच्या जिन्यात जे भांडलो ते मला उकरायचं नाही. पण त्यांचंही आठ महिने 'मूळव्याध' म्हणूनच चाललं होतं आणि निघाला आतड्याचा कॅन्सर, हे तुला आणि मलाच माहीत आहे. म्हणून हे सगळं तुलाच लिहितोय.

छातीत जळजळ, घशाशी आंबट पाणी, जेवल्यावर तडस, बेंबीखाली मुरडा, पोट साफ न होणं, या सगळ्याला आपण 'पित्त' म्हणून मोकळे होतो. डॉक्टरांपुढे जाऊन 'पित्त' म्हटलंस की पित्ताचीच गोळी मिळणार. त्यांना वजन सांगितलंस का? बापूंचं सांगितलंस का? पुढच्या खेपेला आधी या दोन गोष्टी सांग. रोज एका कागदावर लिहून ठेव: शौचाला किती वेळा, लेंड्यांसारखं कडक की पाण्यासारखं, दुखलं ते कुठे, आणि शौचानंतर दुखणं थांबलं का. साध्या चिडक्या आतड्याच्या दुखण्यातही पोट असंच बिघडतं, पण त्यात रक्त कमी होत नाही आणि वजन उतरत नाही.

बावन्नाव्या वर्षी पुरुषाचं लोह कमी झालं, तर रक्त कुठून तरी जातंय असं आधी धरायचं. खाण्यात लोह कमी पडलं, हा निष्कर्ष सगळं तपासून झाल्यावर. 'मला रक्त दिसलंच नाही' म्हणशील. मूळव्याधीचं रक्त लालभडक असतं, शौचानंतर थेंब थेंब गळतं, ते दिसतं. मोठ्या आतड्याच्या उजव्या बाजूला मळ अजून पातळ असतो. तिथून रोज थोडं रक्त झिरपलं तर ते मळात मिसळून जातं, डोळ्यांना काहीच दिसत नाही. दिसतो तो फक्त थकवा आणि जिना चढताना लागणारी धाप.

लोहाच्या गोळीनं मळ हिरवट काळा होतो, त्यानं घाबरू नकोस. पण डांबरासारखा काळा, चकचकीत, चिकट, पाणी ओतूनही भांड्याला धरून राहणारा आणि घाण वास येणारा असेल तर ते वरून, जठराकडून आलेलं रक्त. तेव्हा पत्राची वाट न पाहता त्याच दिवशी इस्पितळ गाठायचं.

पँटोप्रॅझोल, ती पित्ताची गोळी, तू दोन वर्षं घेतोयस. त्यानं आम्ल कमी झालं की लोह आणि बी-12 दोन्ही कमी शोषलं जातं, म्हणून रक्तात फेरिटिन, म्हणजे लोहाचा साठा, तपासशील तेव्हा बी-12 पण कर. पण ती गोळी एकदम तोडू नकोस. जठर उलट जास्त आम्ल सोडतं आणि तुला वाटेल पित्तच होतं. कमी करायची ती डॉक्टरांच्या सांगण्यानं, हळूहळू. चूर्णात सोनामुखी असते, ती आतड्याला ढकलते आणि खरी तक्रार झाकते. ते मात्र आजच बंद कर.

तुला दुर्बिणीची तपासणी करून घ्यायची आहे, वरून आणि खालून, शक्यतो एकाच दिवशी. सख्ख्या नात्यात आतड्याचा कॅन्सर असेल तर ही तपासणी चाळिशीतच सुरू करायची असते, तुला बारा वर्षं उशीर झालाय. आतड्याच्या अस्तरावर बटाट्याच्या डोळ्याला मोड फुटावा तसा पॉलिप उगवतो. त्याचा कॅन्सर व्हायला बहुधा दहाएक वर्षं लागतात. सापडला तर तिथल्या तिथे तारेच्या फासानं काढतात. गुंगी देतात, अर्ध्या तासाचं काम.

खरी मेहनत आदल्या दिवशीची. दोन दिवस आधीपासून पालेभाजी, पेरू, टोमॅटो, तीळ, इसबगोल बंद. दहीभात, पातळ वरण चालतं. आदल्या दिवशी फक्त गाळलेली द्रवं: शहाळ्याचं पाणी, बिनदुधाचा चहा. लाल सरबत नको, आत ते रक्तासारखं दिसतं. पोट धुवून काढणाऱ्या औषधाचं, पेगचं, पाकीट 2 लिटर पाण्यात कालवायचं, अर्धं संध्याकाळी, अर्धं तपासणीच्या पाचएक तास आधी, दर पंधरा मिनिटांनी एक पेला. थंड करून लिंबू पिळलंस की उतरतं. शेवटी फिकट पिवळं, स्वच्छ पाणी यायला हवं. गढूळ राहिलं तर बारीक पॉलिप मळाखाली लपतो आणि सगळं पुन्हा करावं लागतं. पहाटेचं अर्धं औषध लोक टाळतात, तिथेच घोळ होतो. मेसमध्ये अकरा पुरणपोळ्यांची पैज जिंकलेल्या माणसाला 2 लिटर जड जाऊ नये. मधुमेहाच्या गोळीचं त्या दिवशी काय करायचं ते आधी विचारून घे.

विलासच्या लग्नात तू ओरडला होतास, मी सगळ्यांना औषधं सांगत फिरतो म्हणून. आज तुलाच सांगतोय, ओरड हवं तेवढं.

चिनूची दहावी कशी गेली? पुढची खोली बांधून झाली का? सविस्तर लिही.

तारीख ठरली की वहिनींना कळवायला सांग. मी आदल्या दुपारच्या गाडीनं येतो आणि पहाटे तुला उठवतो.

तुझा,
वसंता

ता.क. लोहाची गोळी तारखेच्या 7 दिवस आधी थांबव, तिनं काळा झालेला मळ आतड्याला धरून राहतो आणि आत नीट दिसत नाही. तोवर चालू ठेव.