डाळीचं पाणी आप्पांना, डाळ आम्हाला

प्रति,
माननीय आरोग्यमंत्री,
कर्नाटक राज्य, बेंगळूरु

महोदय, स. न. वि. वि.

"गंजी तर्री," एवढंच सिस्टर कन्नडमध्ये म्हणाल्या. पुण्याहून आलेला भाचा 'तर्री' ऐकून दचकला. पेज आणा म्हणताहेत, असं मी त्याला सांगितलं. पण किती आणायची, केवढी पातळ, दिवसातून कितीदा, ते मलाही कळलं नव्हतं. आप्पांना पक्षाघात झाला होता, घोट गिळता येत नव्हता. बेळगावातल्या एका दवाखान्याच्या आयसीयूत त्यांच्या नाकातून नळी घातली होती. अकरा दिवस त्या नळीतून काय जायचं, ते आम्हीच ठरवत होतो.

पाहुण्यांच्या घरी तूरडाळ शिजवायची, जुन्या धोतराच्या फडक्यातून दोनदा गाळायची, थर्मासात भरायची आणि रिक्षानं दवाखाना गाठायचा. नळी तुंबू नये म्हणून जितकं पातळ तितकं बरं, असं सगळेच सांगत. तरी तिसऱ्या दिवशी तुंबलीच. फडक्यात उरलेली डाळ आम्ही भातावर घेऊन जेवायचो. प्रथिनं बहुतेक त्या फडक्यातल्या डाळीतच राहत होती. हे केवढं उलटं चाललंय, ते आप्पा घरी आल्यावर एका आहारतज्ज्ञ बाईंनी हिशोब मांडला तेव्हा डोक्यात शिरलं.

आयसीयूतल्या माणसाला वजनाच्या किलोमागे दिवसाला निदान १.२ ग्रॅम प्रथिनं मिळावीत, असं अमेरिकेतल्या तज्ज्ञांच्या २०१६च्या मार्गदर्शक सूचना सांगतात. आप्पांचं वजन ५५ किलो. म्हणजे ६६ ग्रॅम. नुसत्या दुधावर भागवायचं तर दोन लिटरच्या वर. आम्ही दोनशे मिलीचे सहा फीड देत होतो, त्यातले दोन शहाळ्याच्या पाण्याचे, ज्यात प्रथिनं नावापुरतीच. अशा आजारात शरीर आपलेच स्नायू मोडून खातं. अकराव्या दिवशी आप्पांची पोटरी माझ्या मुठीत मावत होती. आणि थर्मासात कोमट राहिलेल्या फीडमध्ये जंतू किती वाढत असतील, त्याचा विचारच नको.

रक्तदाब सावरलेला असेल आणि आतडी साथ देत असतील, तर २४ ते ४८ तासांत नळीतून अन्न सुरू करावं आणि बेताबेतानं वाढवावं, हे डॉक्टर मंडळींना मी काय सांगणार! उशाकडची बाजू ३० ते ४५ अंश वर ठेवली की फीड उलटून फुप्फुसात जायचा धोका कमी होतो. खाट वर करायला पैसेही पडत नाहीत. नळी नेमकी पोटात आहे का, हे हवा मारून स्टेथोस्कोपनं ऐकून पक्कं कळत नाही. पहिल्या फीडआधी एक्स-रे बघावा लागतो. आप्पांच्या वेळी नुसतं ऐकलं. आमचं नशीब, नळी जागेवर होती.

साहेब, मागणं एकच आहे. इंजेक्शन जसं डॉक्टर लिहून देतात आणि दवाखाना देतो, तसंच फीडचं व्हावं. रुग्णाचं वजन बघून आहारतज्ज्ञानं प्रमाण लिहावं, दवाखान्याच्या स्वयंपाकघरातून ते ताजं यावं, आणि किती गेलं ते चार्टवर चढावं. आहारतज्ज्ञ रोज मिळत नसेल तिथं निदान छापील तक्ता तरी असावा.

तो तक्ता बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या दवाखान्यांत कन्नडबरोबर मराठीतही द्या. सीमाप्रश्न २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे, तो तिथं चालू दे. मी नळीबद्दल बोलतेय. आप्पांना नळीसकट घरी सोडलं तेव्हा हातात पडलेला कागद कन्नड-इंग्रजीत होता. मला कन्नड बोललेलं समजतं, वाचता येत नाही. शेजारच्या गावातल्या कन्नड शाळेच्या बाईंनी तो वाचून दाखवला. प्रत्येक फीडनंतर नळीत ३० मिली पाणी सोडा, असं त्यात चौथ्या ओळीला होतं. तोवर घरी येऊन दोन दिवस झाले होते आणि नळी पुन्हा तुंबली होती.

आपली,
एका रुग्णाची मुलगी
नंदगडजवळ, ता. खानापूर